फुटावं म्हणून दिलेलं पार्सल

सुवर्णामावशींनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि झेबाला आधी वास आला. फरशी पुसायचं फडकं न वाळवता कोंबून ठेवलं की येतो तसा आंबूस वास. पिशवीत खरोखरच तसलं फडकं होतं. काळपट, चिकट, कडेला केसांची गुंतवळ अडकलेलं. त्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"हळू हं," मावशी म्हणाल्या आणि हसल्या. त्या का हसल्या ते झेबाला तेव्हा कळलं नाही.

फडकं उलगडलं तर आत काचेचा द्राक्षांचा घड. ओंजळ भरेल एवढा. एकेक मणी वेगळा फुंकून केलेला, आतून पोकळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. देठाशी एक पान आणि पानाजवळून केसासारखा बारीक ताणा गोल गोल वळत बाहेर आलेला. इतका सुंदर जिन्नस या काउंटरवर कधी आला नव्हता. आणि इतका घाणेरडाही. मण्यांवर तेलकट धूळ बसून पिवळं पुट चढलं होतं, पानावर पालीची वाळकी लेंडकं होती, आणि दोन मण्यांच्या बेचक्यात पालीचं एक पांढरं अंडं चिकटून बसलं होतं.

झेबाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"माळ्यावर होता ना," मावशी म्हणाल्या. "स्वयंपाकघराच्या. कोण पुसत बसणार?"

झेबाचं पॅकिंगचं दुकान गंगापूर रोडला होतं. बी.कॉम. झाल्यावर तिने काही वर्षं एका कुरियरच्या ऑफिसात काढली होती. तिथे माणसं कसलेही नाजूक जिन्नस कसेही बांधून आणत आणि ते फुटले की भांडायला येत. ते पाहून तिने स्वतःचं दुकान टाकलं. नवरा अदनान सातपूरला खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता, त्यामुळे खोकी चांगली मिळत. दिवाळीला परदेशी जाणारा फराळ, देवांच्या मूर्ती, लोणच्याच्या बरण्या, लग्नाच्या आहेराची काचेची भांडी, सगळं ती बांधून द्यायची आणि कुरियरच्या गाडीत घालायची.

समोरच्याच सोसायटीत राहणाऱ्या सुवर्णामावशी तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. कॅनडातल्या बहिणीला त्यांचं दरवर्षी पार्सल जायचं. झेबाच्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा मावशींनी रोज डब्यातून मऊ भात पाठवला होता. ईदला झेबाच्या घरी येऊन, मांडी घालून, दोन वाट्या शीरखुर्मा खाऊन गेल्या होत्या. झेबाला ही बाई आवडायची. पुढे जे झालं ते तिला इतकं लागलं, त्याचं कारण हेच.

"कुठे पाठवायचंय मावशी?"

"गुवाहाटीला. वेदिकाला."

वेदिका मावशींची सून. म्हणजे अजून कागदावर सून, पण घर सोडून गेलेली. गुवाहाटीच्या एका कॉलेजात तिला नोकरी लागली होती आणि इकडे मावशींच्या मुलाबरोबर, रुद्रबरोबर, परस्पर संमतीने घटस्फोटाचं चाललं होतं. सगळ्या सोसायटीला ते माहीत होतं. झेबालाही.

"तिच्या बापाने केलेला हा घड," मावशी सांगू लागल्या. "कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचकाम करायचा तो. नळ्या फुंकायचा. लग्नात पोरीला हा दिला. सगळ्या मांडवात फिरवून दाखवत होता, जणू हिऱ्याचाच आहे. आता बाप नाही, तर हिला घड आठवला."

"वडिलांची आठवण आहे, मावशी. वाटणारच."

"तेच तर!" मावशी पुढे वाकल्या. "दागिने मागितले नाहीत, कपडे मागितले नाहीत, भांडी नाहीत, पोटगी नाही. वकिलाकडून निरोप काय, तर मला काही नको, फक्त काचेचा घड तेवढा पाठवा. म्हणजे आमच्या घरात तिला ठेवून घ्यावंसं वाटेल असं काहीच नव्हतं! पाच वर्षं आम्ही काय शेण दिलं तिला?"

बोलताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरी थुंकी साचली होती. झेबाने नजर घडाकडे वळवली.

"मी नीट करते, मावशी. जराही धक्का लागणार नाही."

"तसं नाही गं बाळा." मावशींनी मागे वळून पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. "आधी तू छान पॅक कर. तुझं ते बबल, फोम, सगळं लाव. त्याचे मोबाईलवर फोटो काढ, चांगले चारी बाजूंनी. आणि मग ते सगळं काढून टाक. घड नुसता खोक्यात ठेव आणि वरून टेप मार. काचेचा स्टिकर लावू नकोस."

झेबाला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"नुसता ठेवला तर तो फुटेल, मावशी. नाशिकच्या बाहेर पडायच्या आतच."

"हो ना," मावशी म्हणाल्या. आवाज तोच, शीरखुर्म्यात चारोळी कमी पडली असं सांगताना होता तोच. "आम्ही तर पाठवला. फोटो आहेत. वाटेत फुटला त्याला आम्ही काय करणार?"

एखाद्या पेल्यातलं पाणी निम्मं पिऊन झाल्यावर तळाशी काहीतरी वळवळताना दिसावं, तसं झेबाला झालं. या बाईच्या हातचा भात तिच्या लेकीने खाल्ला होता.

"मला नाही जमणार हे," ती म्हणाली.

"नको तर नको." मावशींनी शांतपणे फडक्याची टोकं उचलली. घडाचा ताणा त्या घाणेरड्या कापडाखाली दिसेनासा होऊ लागला. "पुढच्या चौकात दुसरा आहे कुरियरवाला. त्याला तर सांगावंसुद्धा लागणार नाही, तो सगळं फेकतोच. तुझ्याकडे आले ते फोटो छान येतात म्हणून."

झेबाने फडक्यावर हात ठेवला. कसा ठेवला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"राहू द्या. करते मी."

"मला माहीत होतं," मावशी म्हणाल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवून गेल्या. त्या गेल्यावर झेबाने आत जाऊन गाल साबणाने धुतला.

तिला पहिल्यांदा वाटलं, हे मावशींचं डोकं फिरलंय, मुलाला कळलं तर तो थांबवेल. रुद्र इंजिनिअर होता, अंबडच्या एका कंपनीत. दुकानात आला की 'झेबाताई' म्हणायचा, टेप फाडायला मदत करायचा. तिने त्याला फोन लावला आणि घाईघाईने सगळं सांगितलं.

पलीकडे गाडीच्या इंडिकेटरचा आवाज येत होता. मग रुद्र म्हणाला, "झेबाताई, तुम्ही कशाला मनावर घेता? आईला जे हवंय ते करून टाका."

"तुम्हाला माहीत आहे?"

"आमचं बोलणं झालंय. फक्त फोटो जरा क्लिअर काढा. वकिलाला पाठवायचेत." मग तो किंचित हसला. "काच आहे. काच फुटतेच."

तिने फोन ठेवला. म्हणजे हे दोघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवलं होतं. आमटी वाढून घेता घेता, पापड मोडता मोडता. रागाच्या भरात एखाद्याने घड उचलून जमिनीवर आपटला असता तर तिला ते समजलं असतं. पण हे असं, फोटो काढून, पावती घेऊन, हात स्वच्छ ठेवून कोणाच्या मेलेल्या बापाची वस्तू त्याच्या लेकीच्या हातात चुरा करून पोचवायची, हे तिच्या घशाखाली उतरेना. दुपारचा डबा तिने तसाच परत झाकला.

मग तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, कोमट पाणी आणलं, त्यात साबणाचे दोन थेंब टाकले आणि घड साफ करायला बसली. पालीचं अंडं सुईने सोडवताना ते फुटलं आणि आतला पिवळा चिकट द्राव तिच्या बोटावर आला. तिला कोरडी ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं. हात धुऊन ती पुन्हा बसली. कानातल्या कापसाच्या काड्यांनी एकेक मणी पुसत गेली. तेलाचं पुट सुटलं तशी खालून हलकी हिरवी झाक दिसू लागली. बाहेरच्या मण्यांना हिरवी, आतल्यांना थोडी पिवळसर, घड उन्हाकडून सावलीकडे पिकत जातो तशी. माणसाने ते पाहून पाहून केलं होतं.

मग तिने बांधायला घेतलं. मण्यांच्या फटींत मऊ टिश्यूचे बोळे, ताण्याभोवती कापसाचं सैल घरटं, त्यावर फोमची चादर, मग बबल, मग लहान खोकं. हे खोकं मोठ्या खोक्याच्या मधोमध बसवलं आणि चारी बाजूंनी फोमचे तुकडे ठासले. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. फोटो खरोखरच छान आले. ते तिने मावशींना पाठवले. मावशींकडून लगेच उत्तर आलं. हात जोडलेले, फुलं आणि 'आता पुढचं कर'.

पुढचं तिने केलं नाही. पण मावशी तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या हे तिला आता कळलं होतं. म्हणून तिने कपाटातून आपल्याच जुन्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे काढले, एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत घातले आणि ती डबी बाहेरच्या खोक्याच्या आतल्या कोपऱ्यात टेपने चिकटवून टाकली.

संध्याकाळी मावशी आल्याच. नवी साडी, केसात गजरा, कुठल्याशा बारशाला निघालेल्या. "झालं?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता खोकं उचलून कानाशी धरलं. हलवलं.

खळ्‌ खळ्‌ खळ्‌.

झेबा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. नंतर कितीतरी दिवस तो चेहरा तिला जेवताना आठवायचा. मावशींचे डोळे अर्धे मिटले होते. मान किंचित तिरकी झाली होती. पहिल्या घासाला आमरस चाखून बघणारं माणूस कसं थांबतं, तशा त्या थांबल्या, आणि मग चव आवडल्यासारखं पुन्हा एकदा हलवलं.

"आत्ताच वाजायला लागलं की," त्या समाधानाने म्हणाल्या.

"हो, मावशी."

"मी बसते. गाडी येईपर्यंत. आपल्या डोळ्यांदेखत गेलेलं बरं."

आणि त्या बसल्या. पर्समधून बारशाचे पेढे काढून झेबाला एक दिला, मुलीच्या शाळेची चौकशी केली, तिचं इंग्रजी कसं सुधारेल ते सांगितलं. झेबा 'हो', 'हो ना' म्हणत राहिली. आपलं हे गोड हसणंसुद्धा तिला किळसवाणं वाटत होतं. डबी काढून घ्यायला तिला वेळच मिळाला नाही. कुरियरची गाडी आली, पार्सल तसंच वाजत वाजत गेलं. मावशी उठून बारशाला गेल्या. पेढा झेबाने कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

त्यानंतर रोज तिला वाटायचं, गुवाहाटीला फोन करावा. पावतीवर नंबर होता. पण काय सांगायचं? तुमच्या सासूने काय करायला सांगितलं होतं, हे? तिने फोन केला नाही. शेवटी वेदिकाचाच आला.

"ताई, मी वेदिका. तुमच्या दुकानाचा नंबर खोक्यावर होता." आवाज बसलेला होता. "घड पोचला. एकही मणी गेला नाही."

झेबाने डोळे मिटले. "अल्लाहचे उपकार."

"पण खोकं हातात घेतलं तेव्हा आत काच वाजत होती. मला वाटलं, संपलं. मी ते उघडलंच नाही. दिवसभर तसंच खाटेखाली ठेवलं. रात्री रूममेट म्हणाली, निदान तुकडे तरी बघ. मग उघडलं. ती बांगड्यांची डबी कशासाठी होती, ताई?"

झेबाला खोटं बोलता आलं असतं. तिच्या मनात दोन-तीन सबबी येऊनही गेल्या. पण तिने सांगितलं. फडक्यापासून ते गाडी येईपर्यंत बसण्यापर्यंत, सगळं.

"माफ करा," झेबा शेवटी म्हणाली. "मला आधी फोन करायला हवा होता. तुमचा तो दिवस माझ्यामुळे गेला."

"तुमच्यामुळे नाही," वेदिका म्हणाली. "मला आश्चर्य वाटत नाहीये, तेच वाईट वाटतंय. त्या घरात असंच असायचं. कोणी कधी आवाज चढवला नाही. माझं काही आवडतं असलं की ते हरवायचं, सांडायचं, धुण्यात फाटायचं, आणि मग सगळे मिळून मला समजावायचे की चुकून झालं." मग तिने विचारलं, "ताण्याला धक्का लागू नये म्हणून कापूस तुम्हीच लावला होता ना? बाबा असाच लावायचे."

फोन झाल्यावर झेबाला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मावशींना घड धड पोचल्याचं कळलं ते वकिलाकडून. त्या आता भांडायला येतील अशी झेबाने मनाची तयारी केली होती. काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं होतं. पण त्या आल्याच नाहीत. काही आठवडे गेले, आणि मग एका दुपारी आल्या त्या हसत. बरोबर एक उंच, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याची बाई होती. हातात हिरव्या बांगड्या, खांद्यावरून घट्ट पदर.

"ही आमची झेबा," मावशी त्या बाईला म्हणाल्या, "घरच्यासारखी. आणि झेबा, ह्या लंकाबाई. देवळ्याच्या. घटस्फोटाचा कागद हाती आलाय, आता ह्यांच्या भाचीचं आपल्या रुद्रसाठी चाललंय. रेणुका नाव. इथेच पतसंस्थेत आहे नोकरीला. आता दुसरेपणाचं स्थळ म्हटल्यावर माणूस चौकशी करणारच, मी म्हटलं करा, बिनधास्त करा. पहिलीला आम्ही कसं वागवलं ते ह्या झेबाला विचारा. सोडून गेली तरी तिच्या बापाची काचेची वस्तू आम्ही एवढी जपून, एवढं पॅकिंग करून गुवाहाटीला पाठवली. एक ओरखडा नाही! काय गं झेबा?"

मावशींच्या चेहऱ्यावर ओशाळेपणाची रेघही नव्हती. ज्या बाईने घड फोडायला दिला होता तिनेच तो न फुटल्याचं श्रेय घेतलं होतं आणि आता त्याच्यावर मुलाचं दुसरं लग्न जमवायला निघाली होती. आणि साक्षीला कोणाला आणलं होतं? झेबालाच! ती तोंड उघडणार नाही याची इतकी खात्री. रुद्रने दाखवलेले फोटो लंकाबाईंनी पाहिलेले होते. त्या मान हलवत म्हणाल्या, "फोटू पाह्यले मी. लय निगुतीनं केलंय. आजकाल कोण करतं एवढं?"

झेबाने टेपचा रोल बाजूला ठेवला.

"फोटो खरे आहेत, लंकाबाई," ती म्हणाली. "पण ते काढून झाल्यावर आतलं सगळं काढून टाक, घड नुसता ठेव, तो वाटेत फुटायला हवा, असं मावशींनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही म्हणून तो पोचला. रुद्रला विचारलं तर तोही म्हणाला, आई सांगते ते करा."

मावशींचा हात गळ्यातल्या साखळीवर गेला. "काय बोलतेस तू! लंकाबाई, अहो, हिचा काहीतरी गैरसमज..."

"खोकं कानाला लावून तुम्ही दोनदा हलवलंत, मावशी. इथेच. आणि हसलात."

मग मावशींचा चेहरा बदलला. प्रेमळपणा ओलं पोतेरं घसरावं तसा खाली घसरला.

"घरात बसवून खाऊ घातलं हिला," त्या लंकाबाईंना म्हणाल्या, झेबाकडे न बघता. "शेवटी ही माणसं ती हीच. चला."

'ही माणसं' म्हणजे कोणती, ते झेबाला बरोबर कळलं. तिचे कान तापले. लंकाबाई दारात थांबल्या. वाटलं काही विचारतील. पण त्या दबक्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "पोरी, असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात. लग्नाच्या कामात मोडता घालू नये कुणी." आणि मावशींच्या मागोमाग निघून गेल्या.

अदनानला तिने घरी गेल्यावर सांगितलं. तो म्हणाला, "तू तुझं काम केलंस, झेबा. आता सोड ना."

सोडणार कशी? सोसायटीतली गिऱ्हाइकं येईनाशी झाली. एका बाईने तर दिलेली फोटोफ्रेम बांधायच्या आधीच परत नेली. त्याचं तिला तेवढं वाटलं नाही. वाटलं ते पुढचं. एकदा मेन रोडला साड्यांच्या दुकानाबाहेर तिला मावशी आणि लंकाबाई दिसल्या. दोघी हातात हात घालून हसत उतरत होत्या, मागे मोठमोठ्या पिशव्या, आणि पिशव्या धरलेला रुद्र. लंकाबाईंनी तिला ओळखलं आणि तोंड फिरवलं. सगळं ऐकूनही त्यांनी लग्न ठरवलं होतं. मुलाला नोकरी होती, फ्लॅट होता, बाकीचं त्यांना चालणार होतं. झेबा रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिला त्या तिघांची सारखीच शिसारी आली. लंकाबाईंची तर जास्तच. मावशींना निदान कोणाचा तरी सूड घ्यायचा होता. ह्या बाईला आपल्या भाचीचं काहीच वाटत नव्हतं.

त्या रात्री तिला एवढंच सुचत राहिलं की आपण चुकीच्या माणसाला सांगितलं. पण रेणुका कोण, कुठली पतसंस्था, काहीच माहीत नव्हतं.

रेणुका स्वतःच आली. दुपारच्या सुट्टीत, गळ्यात पतसंस्थेचं नाव असलेलं ओळखपत्र, हातात काही नाही. पंचविशीची, गोल चेहऱ्याची. तिने आधी दुकानाची पाटी वाचली, मग आत येऊन विचारलं, "तुम्हीच का त्या पार्सलवाल्या?"

"लंकाबाईंनी सांगितलं?" झेबाने विचारलं.

"आत्याने सांगितलं. म्हणाली, एक बाई वाट्टेल ते बोलत होती, लक्ष देऊ नको." रेणुका काउंटरवरच्या टेपचं टोक नखाने सोडवत राहिली. "माझी दोन स्थळं मोडलीत, ताई. एकदा तर हळद लागायच्या आदल्या दिवशी. आमच्या घरात आता कोणाची ऐकून घ्यायची तयारी नाही. माझीसुद्धा नव्हती."

या मुलीचा राग तिला करता येईना.

"पण परवा असं झालं," रेणुका म्हणाली. "माझ्याकडे चिनीमातीची एक बरणी आहे. आजीची. मी म्हटलं, लग्नानंतर ती घेऊन येईन. सासूबाई म्हणाल्या, आण की, मी ठेवते जपून. आणि रुद्र हसला. का हसला ते कळेना. मग मला तुम्ही आठवलात." तिने मान वर केली. "मला वेदिकाचा नंबर द्याल? भांडायला नको. फक्त विचारायचंय."

झेबाने तिला बसवलं, पाणी दिलं आणि तिच्यासमोरच गुवाहाटीला फोन लावून वेदिकाला विचारलं. वेदिका म्हणाली, "द्या. तिला म्हणावं, कधीही कर." रेणुकाने नंबर मोबाईलमध्ये घातला, आभार मानले आणि सुट्टी संपत आली म्हणून पळत गेली. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते झेबाला कधीच कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

लग्नाची तारीख येऊन गेली. सोसायटीच्या दारात मांडव पडला नाही. लंकाबाईंनी देवळ्याहून येऊन पोरीला खूप बोल लावले, दोन दिवस तिच्या खोलीवर रडारड झाली, असं पतसंस्थेतली एक बाई पार्सल द्यायला आली तेव्हा सांगून गेली. तरी रेणुका बधली नाही म्हणे. रुद्रने पुण्याला बदली करून घेतली.

मावशी तिला भाजीबाजारात भेटल्या. मेथीची जुडी हातात घेऊन, तिची सडकी पानं ओरबाडून खाली टाकत उभ्या होत्या. झेबाला पाहून त्यांनी जुडी ठेवली आणि अगदी जवळ आल्या. पूर्वीसारखाच सुगंधी तेलाचा वास आला. झेबाने श्वास रोखून धरला.

"माझ्या पोराचा संसार दोनदा मोडला," मावशी म्हणाल्या. डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. "मी कोणाचं काय वाकडं केलं होतं? सांग ना. कोणाचं?"

त्या खरंच विचारत होत्या. झेबाने त्यांच्या चेहऱ्यात कुठे लबाडी सापडते का ते शोधून पाहिलं. नव्हती. त्या बाईला आपण काही केलं आहे असं वाटतच नव्हतं.

"बोल ना. मिळालं का समाधान?"

"नाही, मावशी," झेबा म्हणाली. "नाही मिळालं."

आणि ती कोथिंबीर न घेताच बाजारातून बाहेर पडली.